एका पाळीला एकच

खडीचा क्रशर बंद पडला, आणि मगच सगळ्यांना कळलं की मिस्त्री बहिरा झाला आहे.

तोवर कळायचं काही कारणच नव्हतं. क्रशरवर कोणी तोंडाने बोलत नसे. दगड जबड्यात पडला की पायाखालची जमीन हादरायची. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याच्यापर्यंत फक्त थुंकी पोचायची. म्हणून तिथल्या माणसांनी हातांची बोली करून घेतली होती. दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की जबडा अडकला. पालथा तळहात घासला की पट्टा सरकला. बोट वर करून गोल फिरवलं की चालू कर. अंगठा खांद्यावरून मागे दाखवला की मालक येतोय, कामाला लागा. शिव्यासुद्धा हातानेच द्यायचे, आणि त्या तोंडच्या शिव्यांपेक्षा जास्त झोंबायच्या. मिस्त्री अठरा वर्षं त्या जबड्याशेजारी उभा होता. उजवा कान कधी गेला आणि डावा कधी अर्धा झाला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग डोंगराच्या दोन वारसांत हद्दीवरून जुंपली. एकाने कोर्टातून हुकूम आणला, दुसऱ्याने रस्त्यात चर खणला, आणि पाऊस संपून रस्त्यांची कामं निघतात त्याच महिन्यात क्रशर थांबला. पहिल्या दिवशी गाव नुसतं बावरून गेलं. पाचव्या घरातली खोकल्याची उबळ आपल्या घरात ऐकू येऊ लागली. मिस्त्री दाराकडे तोंड करून पाना पुसत बसला होता. बायकोने मागून विचारलं, "अहो, तो सदरा धुवायला टाकू का?" तीनदा विचारलं. शेवटी ती चिडून समोर आली.

"किती वेळा विचारायचं माणसाने?"

"काय?"

"सदरा!"

"मग विचार की. मी कुठे नाही म्हणतोय?"

तिच्या भावाचं शिंप्याचं दुकान होतं आणि कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. तो म्हणाला, "ताई, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा ऐकत नाही म्हणून तू तक्रार करतेस? सगळ्यांचं तसंच असतं." पण दवाखान्यात डॉक्टरने कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. दोन्ही खाली उतरत गेलेल्या. कानात घालायचं एक यंत्रही दिलं. त्यातून माणसांपेक्षा भांडी जास्त ऐकू यायची. मिस्त्रीने ते दोन दिवस वापरलं आणि डबीत ठेवून दिलं. खरं कारण वेगळं होतं. ते कानात अडकवलं की तोंड उघडायच्या आधीच सगळं सांगून झालेलं असायचं.

आता काम शोधणं आलं. थोरली मुलगी सासरी होती. धाकटी दूरच्या शहरात हॉस्टेलवर राहून परिचारिकेचं शिकत होती. सहामाही संपायच्या आत बापाला काम लागलं नाही तर तिला पेटी घेऊन परत यावं लागणार होतं. नवराबायको दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच दोघं ते बोलत नव्हते.

पहिली जागा ट्रकच्या वजनकाट्यावर निघाली. जाताना बायको म्हणाली, "झाकून किती दिवस राहणार? आधीच सांगून मोकळे व्हा." तीही बरोबर गेली. तिने चार वर्षं क्रशरवर घमेली उचलली होती, हातांची बोली तिला येत होती. अडलंच तर असावी म्हणून.

काट्यावरचा मॅनेजर चांगला माणूस निघाला. हाच त्रास. मिस्त्रीने आत जाताच सांगून टाकलं, "साहेब, उजव्या कानाने येत नाही, डाव्याने समोर बोललेलं येतं." मॅनेजरने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. "वा! अशी प्रामाणिक माणसं राहिलीत कुठे," असं दोनदा म्हणाला. मग उठून सहज खिडकी लावायला गेल्यासारखा मिस्त्रीच्या पाठीमागे गेला आणि त्याच्या डोक्यामागे चुटकी वाजवली. बैल घेताना दात बघतात तसं. मिस्त्री समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत चहा पीत राहिला. मॅनेजरने दुसऱ्या बाजूने वाजवली. मग तिच्याकडे बघून ओशाळं हसला. तिला त्या माणसाच्या हातावर फटका मारावासा वाटला, पण ती नुसती पदर सारखा करत बसली.

"काट्यावर हाका माराव्या लागतात, बाई," तो म्हणाला. "यांच्या मागून गाडी आली तर? माझ्या जिवाला घोर."

बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाला, "माणूस बरा वाटला. घेईल असं वाटतंय."

तिने चुटकीचं सांगितलं नाही. आठ दिवसांनी तिथे एक दुसरा माणूस कामाला लागला. तो दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा आणि त्याला हाका मारलेल्या मुळीच ऐकू यायच्या नाहीत.

दुसरी जागा शीतगृहात होती. फळांच्या पेट्या आत-बाहेर करायच्या, दारं आणि ढकलगाड्या दुरुस्त ठेवायच्या. या वेळी मिस्त्रीनेच ठरवलं. "आधी काम बघू दे. हात बघितले की कान कोण बघतंय? चार दिवसांनी सांगतो."

तीन दिवस तो त्या गारठ्यात राबला. बोटं निळी पडायची, घरी येऊन चुलीजवळ धरली की आत सुया टोचायच्या. एक मोठं सरकतं दार होतं. वर्ष झालं, ते कधी पूर्ण बंद होत नव्हतं. रोज दोन माणसं खांदा लावून ढकलायची. मिस्त्रीने ते खोललं, वरचं चाक बदललं, रूळ ठोकून सरळ केला. चौथ्या दिवशी सकाळी सुपरवायझरने एका बोटाने दार लावून बघितलं आणि खूश होऊन मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्रीला वाटलं, हीच वेळ.

त्याने सांगितलं. खांद्यावरचा हात खाली आला.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"काम बघावं म्हटलं, साहेब."

"म्हणजे फसवलंत. आज हे लपवलं, उद्या आणखी काय लपवाल?"

त्याने एक कागद पुढे केला. मी माहिती दडवून कामाला लागलो, असं त्यावर मिस्त्रीच्या नावाने लिहिलं होतं. सही केल्यावरच तीन दिवसांची मजुरी मिळणार होती. मिस्त्रीने केली. निघताना पेट्या उचलणाऱ्या माणसांनी त्याला निरोप दिला. तीन दिवस त्याच्याशी साधं बोलणारी माणसं चौथ्या दिवशी तोंड वेडंवाकडं करून, तान्ह्या मुलाशी बोलावं तशी एकेक अक्षर ओरडायला लागली होती. त्यामुळे ओठ उलट अजिबात कळेनात. तो सगळ्यांना मान हलवून "हो, हो" म्हणाला.

घरी बायको म्हणाली, "आधी सांगितलं तर चहा, नंतर सांगितलं तर सही. मग सांगायचं तरी कधी?"

"सांगायचंच नाही," शिंपी मेव्हणा म्हणाला. तो आयता आलेलाच होता. "तिकडे पशुखाद्याच्या गिरणीत मशीनवर माणूस हवाय. गिरणीत कुठे काय ऐकू येतं? तिथे तर सगळेच बहिरे. दाजी, तुमच्यासाठीच बांधलीय म्हणा ना."

मिस्त्री त्याच्या ओठांकडे बघत होता. "आणि मालकाने बोलावलं तर? आत ऑफिस असतं."

"लवकर उत्तर देऊ नका," बायको म्हणाली. "समोर आल्याशिवाय बोलूच नका. कोणी मागून बोललं आणि राहून गेलं, तर माजलाय म्हणतील. म्हणू दे. माजलेल्याला काम मिळतं."

"म्हणजे मरेपर्यंत नाटक?"

"मरेपर्यंत नको. पोरीची सहामाही होईपर्यंत."

गिरणीच्या मालकाने फारसं विचारलंच नाही. त्याने मिस्त्रीचे हात बघितले, क्रशरवर किती वर्षं होतास ते विचारलं, आणि फोरमनकडे पाठवून दिलं. "तो म्हणेल तसं. आजचा दिवस हात बघेल तुझा. त्याच्या शब्दाबाहेर मी नाही."

आत पाऊल टाकलं आणि मिस्त्रीला बरं वाटलं. कोंड्याची धूळ, मळीचा गोड कुबट वास, आणि छातीच्या फासळ्यांत घुमणारा मशीनचा धडधडाट. इथे कोणीच तोंडाने बोलत नव्हतं. फोरमन साठीला टेकलेला, भुवयांवर कोंडा साचलेला, गळ्यात शिट्टी. मिस्त्रीला त्याने खाद्याच्या गोळ्या पाडणाऱ्या मशीनवर उभं केलं. मिस्त्रीने मशीनच्या अंगावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. बेअरिंग तापलं होतं. त्याने दोन बोटांनी खूण केली, फोरमनने मशीन थांबवलं, मिस्त्रीने खोललं. आतलं ग्रीस जळून डांबरासारखं झालं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन पुन्हा चालू झालं, तेव्हा त्याची थरथर निम्म्याने कमी झाली होती. फोरमन हसला.

मग एक गोष्ट झाली. पोती शिवणारा माणूस फोरमनच्या पाठीमागून आला. मिस्त्री त्याला बघत होता. तो फोरमनला हाका मारत होता. तोंड मोठं उघडत होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. फोरमन ढिम्म. त्या माणसाने शेवटी खांद्याला हात लावला. तेव्हा फोरमन दचकला नाही, तर आपण मुद्दामच उशिरा वळतोय अशा रुबाबात सावकाश वळला, त्याच्या तोंडाकडे बघून मग कपाळाला आठ्या घातल्या. ती युक्ती मिस्त्रीला ओळखीची होती. आदल्या संध्याकाळी बायकोने त्याच्याकडून तीच घोटून घेतली होती.

फोरमनने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने पाहिलंय, हे त्याने पाहिलं.

कोंड्याच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्याआड त्याने मिस्त्रीला नेलं. स्वतःच्या कानावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. किती?

क्रशर थांबल्यापासून कोणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. मिस्त्रीला एकदम हलकं वाटलं. त्याने उजव्या कानावरून हात झाडला, डाव्यासमोर निम्मं बोट धरलं. फोरमनने दोन्ही कानांवरून दोन्ही हात झाडून दाखवले. सपशेल. मग दोघंही हसले. फोरमनच्या डोळ्यांत हसताना पाणी आलं आणि भुवयांवरचा कोंडा खाली पडला.

"घरी माहीत आहे?" फोरमनने ओठ नीट हलवून विचारलं.

"बायकोला."

"माझ्याही. इथे कोणाला नाही. बारा वर्षं झाली." त्याने मिस्त्रीच्या दंडाला धरलं. "तुझा हात चोख आहे. पण मी तुला घेणार नाही."

मिस्त्रीला वाटलं, आपण ओठ चुकीचे वाचले. त्याने पुन्हा विचारलं. फोरमनने पुन्हा तेच सांगितलं.

"एका पाळीला एकच चालतो," फोरमन म्हणाला. "एक ऐकेनासा झाला तर म्हणतात म्हातारा तापट आहे, आपल्याच तंद्रीत असतो. दोन झाले की लोकांच्या डोक्यात येतं. आणि मला शेजारी ऐकणारा माणूस लागतो. पट्टा तुटायच्या आधी करकरतो, ते मला कोण सांगणार? तू?"

"मग दुसऱ्या पाळीला घ्या."

"दुसऱ्या पाळीलाही एक आहे. त्याला मीच सांभाळतोय." फोरमनने हात जोडले. "माझी दोनच वर्षं राहिलीत. कोणाला बोलू नकोस."

फोरमनने मालकाला देण्यासाठी चिठ्ठी लिहिली. तिच्यावर लिहिलं होतं: काम जमत नाही.

मिस्त्रीने हे सगळं घरी सांगितलं. बायकोने हातातलं काम ठेवलं. मग म्हणाली, "काम जमत नाही? हे लिहिलं त्याने? तुमच्याबद्दल?"

"काहीतरी लिहायला हवंच होतं."

"उद्या जाऊन मालकाला सांगा. त्याला बहिरा फोरमन चालतो तर तुम्ही का नाही?"

"नाही. त्याने विश्वासाने सांगितलं मला."

"आणि तुम्ही त्याला कशाने सांगितलं होतंत? त्याने काय केलं तुमच्या विश्वासाचं?"

मिस्त्रीने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. बहिऱ्या नवऱ्याशी भांडण्यात हा मोठा तोटा असतो. त्याने मान वळवली की भांडण संपलं. ती त्याच्या पाठीला बराच वेळ बोलत राहिली.

तीन दिवसांनी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, खोलीतल्या मुली विचारतायत, पुढच्या सहामाहीला खाट ठेवायची का तुझी. काय सांगू?"

"ठेवा म्हणावं," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री मजुरीच्या शोधात बाहेर पडल्यावर तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि गिरणीची वाट धरली.

तिला फक्त न्याय हवा होता, असं तिने वाटेत स्वतःला सांगितलं. एक बहिरा चालतो तर दुसराही चालावा. पण फोरमनची जागा मोकळी झाली तर तिथे कोण बसेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि ते आल्यावर तिची चाल मंदावली नव्हती. उलट झपाझप झाली होती.

मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये तिला पाणी दिलं.

"बारा वर्षं?" त्याने विचारलं.

"बारा. त्यांनीच सांगितलंय. दुसऱ्या पाळीलाही एक आहे म्हणे." हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं. तोंडून निघून गेलं. ती घाईने म्हणाली, "तरी गिरणी चाललीच ना, मालक? कोणाचं काही बिघडलं नाही. मग आमच्या माणसाचं काय वाईट आहे?"

"बरं झालं सांगितलंत, बाई," मालक म्हणाला. "तुमचं नाव कुठे येणार नाही."

"आणि आमच्या माणसाचं?"

"बघू," तो म्हणाला, आणि उठून दार उघडून उभा राहिला.

दहा दिवसांनी गिरणीच्या अंगणात एक पांढरी गाडी आली. एकेकाला आत बसवून कानांवर टोप्या चढवल्या. आवाज आला की बटण दाबायचं. फोरमनने आधी गाडीत बसलेल्यांची बोटं काचेतून बघून अंदाज बांधला आणि मोजून मापून बटण दाबलं. तपासणाऱ्या पोरीने मध्येच आवाज बंद केला, तरी तो दाबतच राहिला. ती हसली नाही. हे त्याने नंतर मुद्दाम सांगितलं, की पोर हसली नाही.

दोन्ही पाळ्या मिळून अकरा माणसं निघाली. मालकाने सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला. तुमच्याच जिवासाठी आहे, म्हणाला. अकरांना मशीनवरून काढलं. तरण्या सातांना पोती वाहायला लावलं. बाकीच्यांना घरी पाठवलं. फोरमनने शिट्टी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. गिरणीच्या फाटकावर पाटी लागली: नवीन कामगारांचे कान तपासून घेतले जातील. जिथे कोणाला ऐकू येत नव्हतं अशी आसपासची ती एकच जागा होती. तीही मिटली.

सहामाही संपली. मुलगी पेटी घेऊन परत आली, आणि मामाच्या दुकानात काज-बटणं करायला बसली. ती रडली असती तर आईला सोसवलं असतं. ती रडली नाही, उलट बापाच्या समोर बसून हळू, नीट बोलायची. हे तिला शिकवलेलं होतं, म्हणाली.

एके दुपारी फोरमन दारात आला. हातात टोपी. मिस्त्री उठून उभा राहिला.

"मला माफ कर," फोरमन म्हणाला. "घेतलं असतं तर निदान तुझे पंधरा दिवस तरी भरले असते."

मिस्त्री हसला. फोरमनही हसला, आणि मग तो रोज यायला लागला. मिस्त्रीचा डावा कानही एव्हाना गेल्यात जमा होता. दोघं एकमेकांच्या तोंडासमोर बसत, हाताने-ओठांनी बोलत, मोठमोठ्याने खिदळत. मिस्त्रीने त्याला क्रशरवरच्या शिव्या शिकवल्या. क्रशर थांबल्यापासून नवरा इतका बोललेला तिने पाहिला नव्हता. तो पूर्वीसारखा जेवायला लागला. तिला मात्र घास उतरेना. आज सांगू, असं ती रोज सकाळी ठरवायची. मग ते दोघं हसताना दिसायचे आणि ती उद्यावर ढकलायची.

त्या दिवशीही फोरमन आला होता. मुलगी दुकानात गेली होती. बायकोने चहाचं आधण ठेवलं.

"हे आतल्या माणसाचं काम आहे," फोरमन म्हणत होता. तो मोठ्यानेच बोलायचा, त्याला कळत नसे. "गाडी यायच्या आदल्या दिवशी मालक दुसऱ्या पाळीवर येऊन विचारत होता, इथला तो एक बहिरा कोण. नेमकं 'एक' म्हणाला. त्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. मला, त्याला, आणि…" तो थांबला.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "लेकीची शपथ. मी बाहेर चकार शब्द काढला नाही."

"तुझ्यावर नाही रे," फोरमनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्यावर असता तर इथे पाणी प्यालो असतो का?"

मिस्त्रीचे डोळे भरून आले. विषय सावरायला म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं. "तुला काय वाटतं गं? कोणी केलं असेल?"

दोघांनी माना वळवल्या. दोघंही तिच्या ओठांकडे बघू लागले.

ती चुलीकडे वळली. त्यांच्याकडे पाठ झाल्यावर म्हणाली, "मी. मी सांगितलं." आवाज बारीक आला असं वाटलं, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, घसा खरवडून, शेजारच्या भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने. "मी सांगितलं मालकाला. मी गेले होते."

चहा उतू गेला. तिने पातेलं उतरवलं, कपांत ओतलं आणि वळली. दोघंही तसेच तिच्या तोंडाकडे बघत होते, उत्तराची वाट बघत.

"मला काय माहीत," ती म्हणाली, आणि कप त्यांच्यासमोर ठेवले.